छऱ्याच्या जाडीचा चाळीस वर्षांचा वाद

महाराष्ट्रात एअर रायफल म्हटले की डोळ्यांसमोर १० मीटरची रेंज येते. अंजली भागवतपासून २०२२मध्ये कैरोत जगज्जेता ठरलेल्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत सगळे ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ कॅलिबरच्या छऱ्यानेच खेळले. तिथे कॅलिबर नियमानेच ठरलेले असते, निवडीचा प्रश्न येत नाही. पल्ला ५० यार्डांवर आणि पुढे १०० यार्डांवर गेला तेव्हा मात्र हाच प्रश्न नेमबाजांच्या चर्चेत ठाण मांडून बसला. गेल्या चार दशकांत त्याचे उत्तर निदान तीनदा बदलले.

सुरुवात इंग्लंडमधली. ससेक्समधल्या मॅगहॅम डाउन येथे १९८०मध्ये फील्ड टार्गेटची पहिली स्पर्धा झाली. प्राण्यांच्या आकाराची पत्र्याची लक्ष्ये, त्यांच्यात एक छोटा गोल. छर्रा गोलात लागला तर लक्ष्य आडवे पडते. अंतर कुणी सांगत नाही, ते नेमबाजाने स्वतः ओळखायचे. सुरुवातीला अनेकांच्या हातात शिकारीची सवयीची .२२ असे. पण ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय वापरायच्या एअर रायफलला १२ फूट-पौंडांची, सुमारे १६ ज्यूलची मर्यादा होती. तेवढ्या ऊर्जेत साडेआठ ग्रेन वजनाचा .१७७ छर्रा सेकंदाला सुमारे २४५ मीटर वेगाने सुटतो, तर सोळा ग्रेनचा .२२ छर्रा जेमतेम १७८ मीटरने. हळू छर्रा लवकर खाली येतो, आणि अंतराच्या अंदाजात दोन-तीन यार्डांची चूक झाली तरी गोल हुकतो. म्हणून त्याच दशकात फील्ड टार्गेटमध्ये .१७७ने बाजी मारली आणि ती आजही कायम आहे.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. तिथल्या संघीय कायद्यात एअर रायफलच्या ताकदीला अशी मर्यादा नाही. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफली प्रगल्भ झाल्या, तसा पल्ला वाढू लागला. ॲरिझोनात २०११पासून एक्स्ट्रीम बेंचरेस्ट ही स्पर्धा भरू लागली. रायफल टेबलावर टेकवून, आधी ७५ आणि पुढे १०० यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा. इथे अंतर ठरलेले असल्याने छर्रा किती खाली येतो याचे गणित एकदाच करायचे असते. खरा शत्रू वारा. शंभर यार्डांना छऱ्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला सहज बाजूला नेतो.

वेग वाढवून वाऱ्याला चकवता येईल, असे कुणालाही वाटेल. पण छऱ्याची घडणच आड येते. मध्ये चिमटलेली कंबर आणि मागे पोकळ घेर असलेला हा शिशाचा तुकडा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की डगमगू लागतो. म्हणून कॅलिबर कोणतेही असो, स्पर्धक साधारण २६० ते २९० मीटर प्रतिसेकंदाच्या पट्ट्यातच राहतात. वेगाला असे छत लागल्यावर वाढवण्याजोगे उरते ते वजन, आणि वजनासाठी नळी रुंद करावी लागली. आधी .२५ चालली. मग २०१३-१४च्या सुमारास एफएक्स बॉस आणि डेस्टेट वुल्व्हरिन यांसारख्या .३०-.३०३ रायफली आल्या. चेक प्रजासत्ताकातल्या जेएसबी कंपनीचा ४४.७५ ग्रेनचा .३० छर्रा सेकंदाला २७० मीटरच्या वेगाने सोडायला शंभर ज्यूलहून अधिक ऊर्जा लागते, म्हणजे ब्रिटिश मर्यादेच्या सहापटीहून जास्त.

.३०ला आणखी एक लाभ होता, त्याचा वाऱ्याशी संबंध नव्हता. छिद्राची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला टेकली की वरचा गुण मिळेल, असा नियम असेल तर जाड छर्रा आपोआप पुढे राहतो. .३०चे ७.६२ मिलिमीटरचे छिद्र .२२च्या ५.५ मिलिमीटरच्या छिद्रापेक्षा केंद्राकडे एक मिलिमीटरभर अधिक पोचते. दहा आणि नऊ यांच्यातला वाद अनेकदा तेवढ्याच अंतराचा असतो. याच कारणाने काहींना ही बाजी नेमबाजीची कमी आणि नियमाची जास्त वाटली.

तिसरे वळण मात्र .२२ने घेतले, आणि तेच सर्वांत बोलके आहे. जेएसबीचा .२५ किंग आणि .२२ मॉन्स्टर हे दोन्ही छर्रे २५.३९ ग्रेनचे. वजन तेच, पण .२५चे समोरचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाने अधिक. साहजिकच त्याच वेगात मॉन्स्टर हवा अधिक सहज कापतो आणि वाऱ्याला कमी बळी पडतो. शिवाय हवेचा खर्च .३०पेक्षा पुष्कळ कमी, आणि धक्काही सौम्य. म्हणून ज्यांनी 'मोठे ते उत्तम' हे सूत्र धरले होते, त्यांनाही पुन्हा हिशेब करावा लागला. गोळीसारखे भरीव स्लग आले तेव्हा तर हवा कापण्याची क्षमता आणखी वाढली, पण त्यांना नळीतल्या आट्यांचा पीळ आणि वेग नेमका जुळावा लागतो.

या चाळीस वर्षांत जिंकणारे कॅलिबर प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या मर्यादेतून घडले: कधी कायद्याची ऊर्जा, कधी ध्वनीचा वेग, कधी गुण मोजण्याची रीत. भारतात २०१६च्या शस्त्रनियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा जाड किंवा २० ज्यूलपेक्षा ताकदवान एअर रायफलला परवाना लागतो, म्हणजे इथे ही मर्यादा दारातच उभी आहे. परदेशात या खेळात उतरू पाहणाऱ्या मराठी नेमबाजानेही दुकानात शिरण्याआधी स्पर्धेची नियमावली वाचावी: अंतर किती, ऊर्जेला बंधन आहे का, रेषेला टेकलेला छर्रा कसा मोजतात. मग त्या चौकटीत बसणारा, वजनात आणि मापात सारखा निघणारा छर्रा शोधावा, आणि तो ज्या नळीतून नीट जातो ती रायफल सर्वांत शेवटी घ्यावी. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि पुढे छऱ्यांचे डबे बदलत बसतात.