ओढणं सोपं, थांबवणं कठीण

पनवेलमध्ये राहून ट्रेलर बघितला नाही असा माणूस सापडणार नाही. कळंबोलीला पाच मिनिटं उभे राहा, न्हावा-शेवा बंदराकडून येणारे कंटेनर एकामागून एक दिसतील. पुढच्या इंजिनवाल्या भागाला ड्रायव्हर लोक 'घोडा' म्हणतात. पण घरच्या कारचाच घोडा करायचा ठरवला तर?

ही कल्पना आता तितकी लांबची नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही कारच्या मागे जोडून ओढतात. उद्या आपल्यापैकीच कुणी फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून असा डबा बनवेल आणि कोकणात घेऊन निघेल. तेव्हा सगळे एकच विचारतील, "ओढेल का रे?" खरं तर लो गिअरमध्ये छोटी कारसुद्धा बरंच ओढते. विचारायचं ते हे, की कार त्याला थांबवेल का, आणि सरळ ठेवेल का?

आधी वजन बघू. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना एक सोपा नियम सांगतात. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन रिकाम्या कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर नको. स्विफ्ट साधारण ९०० किलोची, म्हणजे मागे फार तर ७६५ किलो. इनोव्हा क्रिस्टा साधारण १८०० किलोची, तिच्यामागे १५३०. युरोपातल्या पुष्कळशा फॅमिली कॅराव्हॅन हजार ते दीड हजार किलोच्या असतात, म्हणजे स्विफ्ट बाद! शिवाय कंपनीने मॅन्युअलमध्ये यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. ओढण्याबद्दल काहीच लिहिलं नसेल तर उत्तर 'नाही' असं समजायचं. आणि 'भरलेली' हा शब्द विसरू नका. पाणी, सिलिंडर, गाद्या आणि आईने दिलेले डबे, सगळं त्यात आलं.

आता घाट. खंडाळ्याहून खोपोलीला येताना आपण साधारण ५०० मीटर खाली उतरतो. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. एक टन वजन ५०० मीटर उतरलं की सुमारे ४९ लाख ज्यूल एनर्जी कुठेतरी घालवावी लागते. तेच एक टन ताशी ८० किलोमीटरने धावत असेल तर त्याची कायनेटिक एनर्जी सुमारे अडीच लाख ज्यूल. म्हणजे एक घाट उतरणं हे ८० च्या स्पीडवरून वीस वेळा पूर्ण थांबण्यासारखं आहे! मागे ८५ टक्के वजनाचा, बिनब्रेकचा डबा असेल तर कारच्या ब्रेकवर हेच काम सदतीस वेळांचं होतं. ब्रेक तापतात आणि तापले की पकडत नाहीत. म्हणून उतारावर लो गिअर हवा, म्हणजे बराच भार इंजिन घेतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं म्हणजे आत्महत्याच.

युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. त्यातली एक युक्ती मस्त आहे. कार स्लो झाली की मागचा डबा हुकवर ढकलतो, त्या धक्क्याने एक दांडा मागे सरकतो आणि डब्याचेच ब्रेक लागतात. जो ढकलतो तोच थांबतो!

राहिला सरळ ठेवण्याचा प्रश्न. डब्याचं थोडं वजन कारच्या हुकवर टेकलेलं हवं, एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के. हजार किलोला ५० ते ७० किलो. हे कमी झालं की डब्याची शेपटी डावी-उजवीकडे हलायला लागते आणि स्पीड वाढला की ते वाढत जातं. समजा हुक एक्सलच्या ३ मीटर पुढे आहे. ४० लिटरचा पाण्याचा कॅन एक्सलच्या दीड मीटर पुढून उचलून दीड मीटर मागे ठेवला. मोमेंट घेऊन बघा, हुकवरचं वजन ४० किलोने घटलं. ६० चे २० झाले, एका कॅनमुळे! विश्वास बसत नसेल तर खेळण्यातल्या कारला ट्रेलर जोडून जिममधल्या ट्रेडमिलवर ठेवा, कार हाताने धरा आणि ट्रेलरमधलं वजन पुढे-मागे करून बघा.

वजन जास्त झालं तरी पंचाईत. कंटेनरचा पुढचा भार घोड्याच्या मागच्या चाकांवर बसतो, पण कारचा हुक चाकांच्याही मागे, बाहेर असतो. त्यावर फार दाब आला की कारचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. उसाने भरलेल्या ट्रॉल्या चढावर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड कसं उचलतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

तरीही डबा हलायला लागलाच तर? जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ते सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि स्पीड आपोआप उतरू द्या.

तर दोस्तहो, कॅराव्हॅन बनवणार असाल तर निघण्याआधी सगळं सामान भरून वजनकाट्यावर न्या. आधी अख्खा डबा, मग फक्त त्याचं हुकचं टोक. हे दोन आकडे कारच्या मर्यादेत बसले, तर कोकण तुमचंच. नाही बसले, तर लालपरी आहेच की!