न कुजणारं पान

ओहोटीला ऐरोलीच्या खाडीकाठी उतरलं की चिखल आधी नाकाला कळतो: सडक्या अंड्यांचा वास. मग पाय पोटरीपर्यंत रुततो. मैत्रिणीच्या संशोधनासाठी, वनविभागाची परवानगी काढून, आम्ही तिवरांच्या बुडाशी नायलॉनच्या जाळीदार पिशव्या बांधल्या होत्या. काहींत तिवराची गळलेली पिवळी पानं, काहींत कांदळाची. प्रत्येकीत वाळवून तोललेली दहा ग्रॅम.

दर पंधरवड्याला काही पिशव्या सोडवायच्या, पानं चाळणीवर धुवायची, वाळवून पुन्हा तोलायची. कसब सगळं धुण्यात. हात जड पडला तर पानाचा तुकडा चिखलाबरोबर वाहून जातो आणि वहीत तो कुजला म्हणून लागतो.

सहाव्या आठवड्यात तिवराच्या पिशवीत शिरांची जाळी आणि काळा लगदा उरला. कांदळाची पानं अजून चामड्यासारखी चिवट. चिखल तोच, भरतीही तीच. मोठा फरक टॅनिनचा. कांदळाचं पान भिजत घातलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. हा तुरट अर्क प्रथिनांना चिकटतो, जिवाणूंचे एन्झाइमही लुळे पाडतो. सुती जाळी टिकावीत म्हणून कोळी ती सालीच्या काढ्यात बुडवत, ते याच गुणासाठी.

थंड मुलखातल्या दलदलींतलं पाणीही असंच चहाच्या रंगाचं. तिथं राज्य स्फॅग्नमचं. नर्सरीत पीट मॉस म्हणून मिळतं ते त्याचंच. हे शेवाळ पाण्यातले क्षार धरतं, बदल्यात आम्ल सोडतं. त्याच्या अंगच्या फिनॉल द्रव्यांनी कुजणं अडतं. ती द्रव्यं मोडणाऱ्या एन्झाइमला प्राणवायू हवा, आणि साचल्या पाण्यात नेमका तोच नसतो. डेन्मार्कमध्ये १९५० साली अशाच दलदलीत सापडलेल्या ‘टोलुंडच्या माणसा’च्या मृतदेहाच्या चेहऱ्यावर सुमारे २४०० वर्षांनंतरही सुरकुत्या शाबूत होत्या. जगातल्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापणाऱ्या अशा न कुजलेल्या थरांच्या पीटभूमीत साऱ्या जंगलांतल्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन आहे.

आपली खाडी इतकी चिक्कू नाही. भरतीचं पाणी सल्फेट आणतं, त्यावर प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू गुजराण करतात. सडक्या अंड्यांचा तो वास त्यांचाच. तिवर आपल्या श्वसनमुळांतून हवा खाली नेतो, म्हणून त्याच्या मुळांभोवती गंजाची तांबूस कड दिसते. बाकी चिखल काळा, आणि जे कुजायचं राहतं ते त्यातच मुरतं.

तसला एक काळा गोळा मी काठावर ठेवला होता. वजनं लिहून होईपर्यंत तो वरून तपकिरी पडला. हवा कामाला लागली होती. बांध घालून भरती अडवली की अख्ख्या खाजणाचं हेच होतं. फक्त ते कुणी तोलत नाही.