भुशाची फळी

सुताराच्या रंध्याखालून निघालेल्या ढलप्या आणि करवतीखालचा भुसा पूर्वी बंबात जाई. आज त्याच टाकाऊ मालापासून टेबले, कपाटे आणि खोलीतील आडभिंती बनतात. लाकडाचा कण लाकडाच्या कणाला बांधून ठेवणारी कृत्रिम राळ हाती आल्यामुळे हे शक्य झाले.

जनावरांची हाडे व कातडी उकळून केलेला सरस सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. कोरड्यात तो पक्का धरतो. परंतु ओल लागली की पुन्हा विरघळतो. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बेकेलाइट तयार केले. उष्णता देताच या राळेचे लहान रेणू एकमेकांत गुंफून त्यांचे अखंड जाळे बनते. एकदा विणलेले हे जाळे वितळत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही. पुढे शेतकऱ्याच्या परिचयाच्या युरियापासूनही अशीच एक राळ बनू लागली. ती रंगाने फिकट आणि किमतीने स्वस्त असते.

फळी करताना ढलप्या प्रथम चांगल्या वाळवतात. शंभर भाग कोरड्या लाकडाला साधारणतः आठ ते दहा भाग राळ तुषारांच्या रूपाने चोपडतात, त्याचा सारखा थर पसरतात आणि तापलेल्या पोलादी पत्र्यांमध्ये दाबतात. थरातील ओलाव्याची वाफ होते व तीच उष्णता गाभ्यापर्यंत पोचवते. मात्र राळ पक्की होण्यापूर्वी दाब काढला, तर कोंडलेली वाफ फळी आतून फोडते. उसाच्या चिपाडाच्या फळ्याही याच रीतीने होतात.

या दोन राळांचा स्वभाव मात्र भिन्न आहे. फिनॉलची राळ उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मरीन प्लायवूडचे नमुने बहात्तर तास उकळून पारखले जातात. युरियाची राळ ओल आणि ऊब यांपुढे हळूहळू विघटित होते. मोरीजवळची फळी फुगते ती यामुळेच. शिवाय तिच्यातून फॉर्माल्डिहाइड वायू थोडाथोडा सुटत राहतो. हा वायू माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. म्हणून राळेतील फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण घटवणे, फळीच्या उघड्या कडा झाकणे आणि नव्या सामानाच्या खोलीत हवा खेळती ठेवणे, हे उपाय योजले जातात.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वनांतील तोडीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर भारतातील प्लायवूडचे कारखाने शेताच्या बांधावरील पॉप्लर आणि निलगिरी यांच्याकडे अधिकाधिक वळले. असे कोवळे लाकूड आणि उरलासुरला भुसा कामी आणणारी राळ जंगलाची पाठराखण करते, यात शंका नाही. पण जंगल राखताना घरातील हवाही राखली पाहिजे. तेव्हा फळी घेताना लाकूड कोणते, एवढीच चौकशी पुरेशी नाही. ते कोणत्या राळेने बांधले आहे, हेही विचारले पाहिजे.