मुका सेवक आणि त्याचा धनी

दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४४ सालीं, न्यू गिनी बेटावरील एका खंदकांत अमेरिकन शिपायांस एक इवलीशी कुत्री सांपडली. तिचें वजन अवघें चार पौंड. बिल विन नांवाच्या सैनिकानें तिला विकत घेऊन 'स्मोकी' या नांवानें पाळिलें. पुढें तो डेंग्यू तापानें रुग्णालयांत पडला असतां मित्रांनीं तिला त्याच्या भेटीस आणिलें, आणि परिचारिकांनीं तिला इतर जखमी शिपायांकडेही नेलें. रोग्यांचें मन रमविणाऱ्या कुत्र्यांचा इतिहास सांगतांना आज तिचें नांव आरंभींच घेतात. १९७६ सालीं एलेन स्मिथ या परिचारिकेनें अमेरिकेंत अशा कुत्र्यांसाठीं संस्था स्थापिली.

यांस इंग्रजींत 'थेरपी डॉग' म्हणतात. अंधास वाट दाखविणारा कुत्रा आपल्याच धन्याची सेवा करितो; हा मात्र धन्यासह परक्यांच्या समाचारास जातो. त्याची जात कोणतीही चालते. परंतु अल्लड पिलूं उपयोगी नाहीं. कुबडी पडल्याचा आवाज झाला तरी त्यानें दचकूं नये, अंगावर उडी मारूं नये, खालीं पडलेली औषधाची गोळी तोंडांत घेऊं नये. या गोष्टी शिकवितां येतात; परक्याच्या स्पर्शाची आवड मात्र शिकवितां येत नाहीं. केवळ आज्ञा म्हणून स्पर्श सोसणारा कुत्रा या कामास अयोग्य होय.

धन्याची जबाबदारी याहून मोठी आहे. कुत्र्यास लस टोंचलेली असावी, तो स्वच्छ असावा, नखें कापलेलीं असावीं. रोग्याच्या अनुमतीवांचून त्यास खाटेजवळ नेऊं नये. स्पर्शापूर्वी व नंतर रोग्यास हात स्वच्छ करावयास लावावे. तेथें कानीं पडलेलें बाहेर बोलूं नये. भेटही आटोपशीर असावी. अमेरिकेंतील एका प्रमुख संस्थेच्या नियमानें दिवसांत दोन तासांहून अधिक वेळ कुत्र्याकडून हें काम घेतां येत नाहीं.

आणि धन्याची दृष्टि रोग्याइतकीच कुत्र्यावरही असावी. झोंप नसतां जांभई देणें, समोर खाद्य नसतां ओंठ चाटणें, तोंड फिरविणें, शेपूट पायांत घालणें, हीच त्या मुक्या जीवाची भाषा. "आणखी थोडा वेळ राहूं द्या," असें रोगी काकुळतीनें म्हणत असतो, भोंवतालचे लोक कौतुक करीत असतात, आणि इकडे कुत्रा तोंड फिरवितो. अशा वेळीं जो गोड शब्दांत निरोप घेऊन उठतो, तोच खरा धनी. कौतुकास भुलून जो बसून राहतो, तो कुत्र्यास छळतो आणि रोग्यासही धोक्यांत घालतो. कारण ज्याचें 'नको' कोणी ऐकत नाहीं, तो गरीब प्राणीही अखेर चावतो.

विद्यार्थ्यांनो, हा नियम रुग्णालयापुरता नाहीं. घरच्या कुत्र्यास कुरवाळतांना त्यानें मान वळविली, तर हात मागें घ्या. आणि पालकांनीं लहान मुलांस ही खूण दाखवून द्यावी. आपल्या पशूच्या जिवाची जाणीव ठेवणें हें धार्मिकाचें लक्षण शलमोनाच्या नीतिसूत्रांत सांगितलें आहे. एका जिवाचें सांत्वन करितांना दुसऱ्याचें दुःख नजरेआड न होऊं देणें, हीच सेवेची कसोटी होय.