सरकत्या मिठाची मोजणी

सकाळी सहा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, कार्ल्सबाड गावापासून सुमारे 42 किलोमीटरवर ‘विप’ ही मिठाच्या थरात खोदलेली कचरा-साठवणीची जागा आहे. अण्वस्त्रांच्या कामातून उरलेला प्लुटोनियम लागलेला कचरा, म्हणजे हातमोजे, कपडे, अवजारं, पिंपांत भरून इथं कायमचा ठेवतात. मोजणीवाले हेल्मेट-दिवा चढवून पाळण्यातून 655 मीटर खाली उतरतात.

सात. समोर 25 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं सैंधव. त्यात कोरलेल्या खोल्या 10 मीटर रुंद, 4 मीटर उंच, 91 मीटर लांब. वरच्या भाराखाली हे मीठ फार सावकाश वाहतं: छत उतरतं, तळ फुगतो, भिंती आत सरकतात. मीठ आपल्या भेगा आपणच बुजवतं, म्हणून 1957 मध्येच अमेरिकी विज्ञान अकादमीने किरणोत्सर्गी कचऱ्यासाठी त्याची शिफारस केली. पुढेमागे ते पिंपांना चारी बाजूंनी आवळून टाकेल, आणि तेच हवंय. पण पिंपं आत लागेपर्यंत खोली उघडी राहायला हवी. या ‘पण’वरच मोजणीवाल्यांची नोकरी चालते.

आठ ते अकरा. छतात आणि तळात, समोरासमोरच्या भिंतींत खुंट्या पक्क्या केलेल्या असतात. दोन खुंट्यांमध्ये पोलादी टेप अडकवायची, दरवेळी ताण तोच ठेवायचा आणि अंतर वाचायचं. टेप जरा सैल पडली तर वाचन फुकट. छतातल्या भोकांतली उपकरणं वेगळंच सांगतात: कुठल्या खोलीवर थर सुटू लागलेत. मिठात मध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे असतात, छत बहुधा तिथंच सुटतं. पहारीने ठोकूनही बघतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला व्हायचं.

बारा. डबे.

एक ते तीन. वर येऊन आकडे आलेखावर. खोली किती आखडली याहून वेग महत्त्वाचा. संथ, एकसारखा वेग चालतो. तो वाढू लागला की छत धरून ठेवणारे बोल्ट वाढवायचे, नाहीतर माणसं काढायची. 2014 च्या किरणोत्सर्गी गळतीनंतर काही भागांत बोल्टचं काम रखडलं, 2016 मध्ये तिथलं छत कोसळलं. माणसांना तिथं आधीच बंदी होती, म्हणून इजा कुणाला झाली नाही.

साडेतीन. अहवाल, सुट्टी.

पहिल्या खोल्या 1980 च्या दशकात खोदल्या गेल्या आणि पहिला कचरा आला 26 मार्च 1999 ला. तोवर छत सांभाळायला बोल्टवर बोल्ट ठोकावे लागले. माझ्या मते खोली खोदावी ती पिंपं दारात आल्यावरच.