काचेचा झगमगाट आणि भरदुपारचे दिवे

फोंड्यासारख्या वाढत्या शहरात नव्या कचेऱ्यांना दर्शनी बाजूस काचेची भिंत लावण्याची हौस आता रूढ होत चालली आहे. काच म्हणजे प्रकाश आणि प्रकाश म्हणजे प्रगती, असे समीकरणच जणू ठरून गेले आहे. परंतु अशा इमारतीत भरदुपारी डोकावले तर काय दिसते? पडदे ओढलेले, दिवे लागलेले आणि वातानुकूलन यंत्रे अखंड चाललेली! ज्या उजेडासाठी काचेवर पैसा ओतला, तोच बाहेर अडवून विकतच्या उजेडात काम करायचे, याला प्रगती कसे म्हणावे?

कारण साधे आहे. काच ऊन आत सोडते. त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र ती सहजी बाहेर जाऊ देत नाही. आतून पडदा ओढल्याने डोळ्यांवरची तिरीप टळते, पण ऊन तोवर घरात शिरलेले असते. म्हणून ते अडवावयाचे तर काचेच्या बाहेरच.

हे काम अवघड नाही. डिसेंबरातही फोंड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर सुमारे ५१ अंश असतो. त्यामुळे दक्षिणेकडील तीन फूट उंचीच्या खिडकीवर अडीच फुटांचे छज्जे असले, तर मध्यान्हीचे ऊन वर्षभर बाहेर राहते. खरी अडचण पूर्व-पश्चिमेची. तेथील कलते ऊन छज्जाखालून थेट मेजावर येते. त्यावर उपाय उभ्या फळ्यांचा, जाळीचा किंवा खोल व्हरांड्याचा. अहमदाबाद येथे १९५४ साली पुऱ्या झालेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत ल कॉर्बुझिए यांनी पश्चिमेस काँक्रीटच्या तिरक्या फळ्या उभारल्या. ऊन अडले, वारा मात्र खेळता राहिला.

आम्हां गोमंतकीयांना तर यासाठी अहमदाबादेलाही जाण्याचे कारण नाही. खाली उतरलेली वळचण आणि तिच्या सावलीतली पडवी ऊन व मुसळधार पाऊस दोन्ही भिंतीपासून दूर ठेवीत. राजांगणातून घराच्या मध्यभागी उजेड उतरे. खिडकीत बसविलेली शिंपल्याची तावदाने प्रखर प्रकाश गाळून सौम्य करून आत सोडीत. आज बहुमजली कचेरीवर कौलारू वळचण उतरविता येणार नाही, हे खरे. पण त्यामागचा विचार उतरविता येतो. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

केंद्राच्या ऊर्जा-संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ सालच्या आवृत्तीत, तिच्या ठरावीक निकषांनी जाणाऱ्या इमारतींत खिडक्यांचे क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तथापि ही संहिता १०० किलोवॅट वा त्याहून अधिक जोडभाराच्या मोठ्या इमारतींसाठी आहे. तालुक्याच्या गावातील दुमजली-तिमजली कचेरी तिच्या कक्षेतून सहज निसटते. ही उणीव नगरपालिकांनी व नगरनियोजन खात्याने बांधकाम-परवान्याच्या वेळीच भरून काढावयास हवी. नकाशावर जिना आणि शौचालय दाखविण्याची सक्ती असते. मग दुपारची सावली दाखविण्याची का नसावी?

गोव्याची बहुतेक वीज परराज्यांतून येते, हे विसरून चालणार नाही. त्या विजेने भरदिवसा दिवे जाळणे ही चैन या राज्याला परवडणारी नाही. सरकारने आपल्या नव्या कचेऱ्यांपासूनच याचा प्रारंभ करावा. ज्या कचेरीत कारकून दुपारी दिवा न लावता फाईल वाचू शकेल, तीच खरी आधुनिक इमारत, असे आम्ही मानतो.