हाताचा गुण की गच्चीचं ऊन?

एकाच्या गच्चीवर टोमॅटोचे घोस लगडलेले, दुसऱ्याच्या गॅलरीत नुसता पाला. ‘त्यांच्या हाताला गुणच आहे,’ असं म्हणून विषय मिटवला जातो. या एका वाक्याने किती नवख्यांनी कुंड्या रिकाम्या करून टाकल्या असतील! खरं तर बहुतेक वेळा फरक हाताचा नसतो, उन्हाचा असतो.

टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालक, मेथी, अळू तीन-चार तासांत भागवतात. पुण्यातल्या दोन गॅलऱ्या घ्या, एक दक्षिणेची आणि एक उत्तरेची. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. या काळात दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं, उत्तरेच्या गॅलरीत ते फिरकतही नाही. आणि घरच्या टोमॅटोचा मुख्य हंगाम नेमका हाच. अशा वेळी उत्तरेच्या गॅलरीत खत वाढवून काही होत नाही. नत्र जास्त झालं की झाड माजतं, पाला सुटतो आणि फुलं लांबतात. तिथे सरळ मेथी-पालक लावावा.

‘रोपं एकाच दिवशी लावली, मग त्यांचीच का फळली?’ हा प्रश्न गावही विचारात घेऊन विचारायला हवा. दिवसाचा पारा 35 अंशांवर गेला आणि रात्रही गार होईना, की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फुलं गळतात. एप्रिलमध्ये नागपूरकराने बंगळूरच्या नातेवाइकांच्या टोमॅटोकडे पाहून हळहळण्यात अर्थ नाही.

आकाराच्या बाबतीत तर मोठा घोटाळा आहे. जळगावचं भरताचं वांगं हातात मावत नाही, भरल्या वांग्याचं वाण मुळातच लहान. दोन्ही शेजारी ठेवून नंबर कसा लावणार? भेंडी लांबलचक झाली म्हणून कौतुक करण्याआधी टोक मोडून पाहावं. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर निबर. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडलेली भेंडीच चवीची. शिवाय झाडावर जून होऊ दिली, तर झाड बी पोसण्यात गुंततं आणि पुढची फळं मंदावतात.

वेलभाज्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ‘आमच्या दुधीला फुलं येतात आणि गळतात’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. आधी येतात ती बहुतेक नर फुलं. ती गळणारच, त्यात रोग नाही. मादी फूल ओळखायला त्याच्या पाकळ्यांखाली पाहा: लव असलेला, बोटाच्या पेरापेक्षाही छोटा दुधी तिथे आधीच असतो. परागीभवन झालं नाही तर तोच पिवळा पडून गळतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंगांची वाट पाहतात. उंच इमारतीत पतंग पोचतीलच असं नाही. म्हणून दिवेलागणीला ताजं नर फूल तोडावं, पाकळ्या काढाव्यात आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. कारलं, लाल भोपळा यांना हेच काम सकाळी लवकर करायचं. शेजारच्या वेलाला दुधी धरतात ते पुष्कळदा खाली बाग आहे, झाडी आहे म्हणून.

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडलं की कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं घालायचा सल्ला मिळतो. पण कुंडीत बहुधा कॅल्शियम असतंच. ते फळापर्यंत पाण्यावाटे पोचतं, आणि आपण एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं पाणी देतो. टरफलं कुजायला फार काळ लागतो. पाण्यात नियमितपणा आणावा.

शेजाऱ्यांच्या उत्तम संकरित टोमॅटोचं बी धरलं आणि तसं फळ आलं नाही, तर फसवणूक झालेली नसते. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. देशी, सरळ वाणाचं बी मागावं. खरी तुलना करायची असेल, तर एकाच पाकिटातलं बी वाटून घ्यावं, कुंड्या सारख्या घ्याव्यात आणि रोजचे उन्हाचे तास दोघांनी लिहून ठेवावेत.

शेवटचा गैरसमज सगळ्यात धोक्याचा: बाजारातलं संशयास्पद, घरचं निर्धोक. रासायनिक फवारणी टळते, हे खरंच. पण घरच्या वेलाचा दुधीही कडू निघू शकतो. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. कापल्याबरोबर छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि तो दुधी, कितीही हौसेने वाढवलेला असला तरी, टाकून द्यावा.